चार बोटं सैल

डोंबिवली,
ता. ९ जानेवारी १९४९

ती. त्र्यंबकदादास सरोजचा नमस्कार.

दिवाळीत तुझं पत्र आलं, त्याचं उत्तर राहूनच गेलं. रागावू नकोस. ह्यांची कचेरी, घरचं सगळं, त्यात माझे गुडघे. फोर्टातलं तुझ्या मडमेचं दुकान बंद झालं आणि ती विलायतेला निघून गेली हे इथे कळलं. चोवीस वर्षं तिच्याकडे काढलीस, ऐकून वाईट वाटलं. आता नौपाड्यात घरीच मशीन घातलं आहेस म्हणे. बरं केलंस.

पत्र लिहायला कारण तुझी भाची. हेमाला चैत्रात एकोणीस पुरी होतील. स्थळं सांगून येताहेत. मुलगी गोरी, मॅट्रिक झालेली, पेटी वाजवते. तिच्या पाठीला जरा थकवा असतो, म्हणून पोक काढून बसते, एवढंच. तू मडमांसाठी ते कंबर आवळायचे कॉर्सेट शिवायचास, तसं काही आधाराला करता येईल का? वर पोलकं आणि पदर असला की कुणाला दिसायचं नाही. ही गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहू दे.

मावसबहीण म्हणून नव्हे, सख्खी समजून एवढं कर.

तुझी,
सरोज


नौपाडा, ठाणे,
ता. १२ जानेवारी १९४९

चि. सौ. सरोज हीस आशीर्वाद.

‘पाठीला जरा थकवा’ हे वाचून मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. हेमाचा कणा डावीकडे वळला आहे आणि उजवा खवाटा वर आला आहे. ती बारा वर्षांची असताना तिला इथल्या डॉक्टरांकडे मीच नेलं होतं. ते म्हणाले, वाढत्या वयात पट्टा बांधून ठेवा, बाक वाढायचा थांबेल. मी म्हटलं, मी शिवतो. तेव्हा तू काय म्हणालीस ते विसरलीस का? ‘आमच्या घरात मडमांची चोळी यायची नाही.’ आणि तुझ्या यजमानांनी सांगितलं की बायकांच्या कमरा मोजणारा माणूस आपला नातलग आहे हे ते चारचौघांत बोलत नाहीत.

आता बैल गेला आणि झोपा केला. एकोणिसाव्या वर्षी हाड कुणाचं ऐकत नाही. मी जे शिवेन त्यानं बाक सुधारायचा नाही, नुसता झाकला जाईल. शिवतो मात्र. एक तर पोरीचा काही दोष नाही. दुसरं कारणही सांगतो. गेलं वर्षभर मी आतडं उतरलेल्या म्हाताऱ्यांचे पोटपट्टे शिवतो आहे. कॉर्सेट कापायला मुंबईत माझ्या हाताचा माणूस नव्हता, हे मडम गिऱ्हाइकांसमोर बोलायची. तो हात आता पोटपट्ट्यांवर मरतो आहे, ते मला सोसत नाही.

मापं तू मला घेऊ देणार नाहीस, तेव्हा दोऱ्यानं घे. लाल दोरा छातीचा, पांढरा कंबरेचा, काळा काखेपासून कंबरेपर्यंतचा. जिथं माप संपेल तिथं गाठ मार. काळे दोरे दोन हवेत, डावीकडचा वेगळा आणि उजवीकडचा वेगळा. इथं लबाडी करू नकोस. लोकांना फसवायचं असेल तर शिंप्याला खरं सांगावं लागतं.

त्र्यंबक


नौपाडा, ठाणे,
ता. १३ फेब्रुवारी १९४९

चि. सौ. सरोज,

तू काळा दोरा एकच पाठवलास आणि लिहिलंस की डाव्याउजव्यात फारसा फरक नाही. चार दिवसांनी आणखी एक पाकीट आलं. त्यात पत्र नव्हतं, नुसता काळा दोरा होता, आणि पाकिटावर हेमाचं अक्षर. तुझ्या दोऱ्यापेक्षा तो दोन बोटं आणि एक पेर आखूड भरला. तुझ्या घरात खरं बोलणारं एक माणूस आहे, आणि त्याला ते पत्रात लिहायची चोरी आहे.

पट्टा सोबत पाठवला आहे. जाड ड्रिल, आत मऊ मलमल, आणि चौदा पोलादी काड्या. त्यातली एकही दुसरीसारखी नाही. डाव्या बगलेखाली कापसाची गादी भरली आहे, तिनं दोन्ही बाजू सारख्या दिसतील. आधी पुढचे आकडे लावायचे, मग पाठीमागची नाडी मधल्या भोकांपासून ओढायची, वरून किंवा खालून नाही. पहिले आठ दिवस दोन तासांवर बांधू नका. झोपताना काढायचा.

मी तो लाकडी बाहुलीवर चढवून पाहिला. बिनमुंडक्याची मडम म्हणून आळीत तिची थट्टा होते, पण पट्टा तिला असा बसला की मी खुर्ची ओढून तासभर बघत बसलो.

त्र्यंबक


डोंबिवली,
ता. ६ मार्च १९४९

ती. दादास नमस्कार.

काल पाहुणे येऊन गेले. हेमा इतकी सरळ चालत आली की मीच तिला क्षणभर ओळखलं नाही. पाटावर बसली, पेटी वाजवली, मुलाच्या वडिलांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, ‘आता सगळ्यांना नमस्कार कर, बाळ.’

हेमा वाकायला गेली आणि निम्म्यात अडकली. गुडघे टेकले तरी डोकं खाली जाईना. पुढची पोलादी पट्टी तिच्या फासळ्यांत घुसत होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाच्या आजी म्हणाल्या, ‘राहू दे हो, हिला वाकायची सवय दिसत नाही.’ आज निरोप आला की मुलगी ताठ्याची आहे.

दादा, जन्मात पहिल्यांदा माझ्या मुलीला कुणी ताठ म्हणालं, आणि मी माजघरात जाऊन रडले. तुझ्या लक्षात कसं आलं नाही? आपल्याकडे मुलगी दाखवायची म्हणजे पहिला नमस्कार आणि शेवटचाही नमस्कारच. आता टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलले आहे. पुढचं तू बघ.

सरोज


नौपाडा, ठाणे,
ता. २१ मार्च १९४९

चि. सौ. सरोज,

चूक माझी, माझ्या एकट्याची. चोवीस वर्षं मी ज्या कमरा शिवल्या त्या या देशात कुणापुढे वाकल्या नव्हत्या. खुर्चीत बसणं, नाचणं, घोड्यावर बसणं, जेवणाच्या टेबलावर तीन तास काढणं, हे सगळं माझ्या कापात धरलेलं होतं. नमस्कार धरलेला नव्हता. माझ्या आईला मी रोज वाकताना बघत आलो, आणि कात्री हातात घेताना मात्र मला फक्त मडमा आठवल्या. इतकी लाज मला धंद्यात कधी वाटली नव्हती.

पट्टा परत मिळाला तेव्हा सगळा उसवला. पुढची पट्टी कंबरेपाशी तोडून तिला छोटी बिजागरी बसवली. दोन्ही कुशींना इलॅस्टिकच्या तिकोनी कळ्या घातल्या, म्हणजे वाकताना पुढे दुमडेल आणि उठताना पाठ पुन्हा सरळ होईल. लाकडी बाहुली वाकत नाही. अंगानं मी काडीच, म्हणून शेवटी पट्टा मीच चढवला आणि देव्हाऱ्यापुढे नमस्कार घातला. शेजारच्या ठमाबाई ताक घेऊन आल्या होत्या, त्या भांडं उंबऱ्यावर ठेवून तशाच परत गेल्या. आता आळीत काय बोलतात ते तू विचारू नकोस.

असा कॉर्सेट विलायतेतसुद्धा कुणी कापला नसेल. हेमाला सांग, आता कितीही माणसं आली तरी भिऊ नकोस.

त्र्यंबक


डोंबिवली,
ता. २ मे १९४९

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

गणपती पावला. हेमाचं ठरलं. मुलगा कल्याणचा, श्रीपाद नाव, शाळेत गणित शिकवतो. घरात आई आहे, वडील नाहीत. परवा हेमानं सतरा जणांना नमस्कार केले, एकदासुद्धा अडखळली नाही. मुलाच्या आई म्हणाल्या, ‘वळण चांगलं आहे.’ लग्न वीस तारखेला.

दादा, पुढचं लिहायला हात वळत नाही. मला सख्खा भाऊ नाही, तेव्हा मामा म्हणून मांडवात हेमाच्या मागे तूच उभा राहायचास, हे लहानपणापासून धरलेलं. पण तिकडची माणसं चौकस आहेत. मामा काय करतात असं विचारलं तर काय सांगायचं? खरं सांगितलं तर कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामाच्या जागी ह्यांचे चुलतभाऊ हरिहर उभे राहतील. तू नंतर ये, सावकाश, चार दिवस राहायला ये.

तू समजून घेशील.

सरोज


नौपाडा, ठाणे,
ता. ५ मे १९४९

चि. सौ. सरोज,

लग्नाला येऊ नका अशी निमंत्रणपत्रिका मला पहिल्यांदाच आली. समजून घेतलं. शिंप्यानं कपडा पोचवावा आणि ओसरीवरून परत फिरावं, ही रीत मला ठाऊक आहे.

म्हणून मामाचे आशीर्वाद तुमच्या हरिहररावांकडून घ्या. माझ्याकडून फक्त शिंप्याच्या सूचना. पट्टा झोपताना काढायचा. ताप असला की काढायचा. आणखी एका वेळी तो मुळीच बांधायचा नसतो, ते तू बाई आहेस, मी लिहायला नको. हेमाला नीट सांगून पाठव.

त्र्यंबक


कल्याण,
ता. १८ नोव्हेंबर १९४९

ती. त्र्यंबकमामांस हेमाचा नमस्कार.

पट्टा ह्यांच्या शाळेतल्या एका गृहस्थांबरोबर पाठवते आहे. पुडकं त्यांनी उघडू नये म्हणून वरून पेटीचं कापड शिवून टाकलं आहे.

कंबरेला चार बोटं सैल करून हवा. छातीचं, खांद्याचं, बाकी सगळं माप तेच आहे. फक्त कंबर. लवकर करून द्या, कारण तो अंगावर नाही म्हणून दोन दिवस अंगात तापाची कसर असल्याचं सांगून अंथरुणात पडून आहे. सासूबाईंना अजून काही माहीत नाही. ह्यांना लग्नानंतर लगेच कळलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आईला कळू देऊ नकोस, आणि तेव्हापासून रोज पहाटे नाडी तेच आवळून देतात. माणूस चांगला आहे.

आईला मी विचारलं आहे. ती म्हणते, थोडा धीर धर.

मामा, तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. विचारलंत तर मी उत्तर देईन.

तुमची,
हेमा


नौपाडा, ठाणे,
ता. २२ नोव्हेंबर १९४९

चि. सौ. हेमा हीस आशीर्वाद.

सासरचं दूधतूप मानवलं वाटतं! चांगलं आहे. माहेरी काडी होतीस, आता जरा अंग धरलंस तर बिघडलं कुठे? चार बोटं सांगितलीस, चार बोटं सैल केली. कुशीच्या कळ्या रुंद करून घेतल्या, काड्या तशाच ठेवल्या, म्हणजे पाठीचा आधार कमी व्हायचा नाही. नाडीही नवी घातली.

विचारायचं काही नाही. काम पसंत पडलं तर कळव.

त्र्यंबक


डोंबिवली,
ता. ३ फेब्रुवारी १९५०

त्र्यंबक यांस,

हेमा इथे आहे. सहावा महिना होता. मुलगा होता, गेला.

कल्याणच्या दवाखान्यात नेली तेव्हा पट्टा अंगावरच होता. नर्सनं तो कात्रीनं कापून काढला. तिच्या सासूबाई तिथेच उभ्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यानंच झालं असं सांगता येत नाही, आणि यानं झालं नाही असंही सांगता येत नाही. सासूबाईंना तेवढं पुरे झालं. फसवून कुबडी मुलगी गळ्यात मारली, वर घराण्याचा वंश खाल्ला, असं त्या दवाखान्याच्या ओसरीवर ओरडून बोलल्या. श्रीपादराव म्हणाले, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. हेमा शुद्धीवर होती. तिनं ते ऐकलं. तिची ट्रंक चौथ्या दिवशी इथे आली.

तुझ्या पट्ट्यानं माझ्या मुलीचा संसार बुडवला. तू जन्मभर बायकांचे देह मापलेस, तुला कळायला नको होतं? यापुढे या घरी तुझं पत्र येऊ नये.

सरोज


डोंबिवली,
ता. ११ मार्च १९५०

ती. त्र्यंबकमामांस नमस्कार.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र पाकिटामागच्या पत्त्यावर, उत्तरा हिच्या नावानं पाठवा. ती माझी शाळेतली मैत्रीण. पत्र ती उघडायची नाही.

माझी तब्येत आता बरी आहे. पट्टा नाही. शेजारच्या बायका आमच्याकडे काही ना काही मागायला येतात आणि माझी पाठ बघून जातात. आई मला खिडकीत बसू देत नाही.

आईनं तुम्हाला काय लिहिलं ते मी वाचलं. तिनं एक गोष्ट लिहिली नाही. मला दिवस गेले हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. पट्टा सोडू का, असं मी तिला तीनदा विचारलं. ती म्हणाली, सातव्यात ओटी भरायला तुला इकडे आणणारच आहोत, तेव्हा सोड, तोवर कळ काढ, इतकं जमवून आणलेलं मोडू नकोस. तुमची सूचना तिनं मला सांगितली नव्हती. ती मला आत्ता, तुमची जुनी पत्रं काढून वाचली तेव्हा कळली. ह्यांनाही माहीत होतं. रोज पहाटे नाडी ओढताना ते विचारायचे, फार लागतं का? मी नाही म्हणायची. या दोघांना मला काही विचारायचं नाही. त्यांची उत्तरं मला पाठ आहेत.

तुम्हाला विचारायचं आहे. मुलीनं मामाला असली गोष्ट लिहू नये, म्हणून मला जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं होतं. फक्त कंबर, बाकी माप तेच. पुढचं तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहिली. पट्टा परत आला तेव्हा पत्र वाचलं आणि वाटलं, हे सगळ्यांना दाखवण्यापुरतं असेल, खरी चिठ्ठी आत असेल. मी अस्तर उसवून पाहिलं. चौदाही काड्यांच्या घरात बोट घालून पाहिलं. मग परत शिवून टाकलं आणि बांधला.

तुम्हाला कळलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

हेमा


नौपाडा, ठाणे,
ता. १५ मार्च १९५०

चि. हेमा,

हो.

तू एवढंच लिहा म्हणालीस, पण हो म्हटल्यावर कसं, ते न सांगणं हीही एक लबाडीच होईल.

तुझ्या पत्रातल्या तिसऱ्या ओळीला मला कळलं. बाई जाड झाली तर ती सगळीकडून होते, नुसती कंबर चार बोटं वाढत नाही. मडमांच्या दुकानात असं माप आलं की आम्ही काही न विचारता दुसरा कागदी फर्मा काढायचो. त्यावरून कापलेल्या पट्ट्याला पुढे काड्या नसतात, बाजूला नाड्या असतात, महिन्यामहिन्यानं सोडत जायच्या. तो फर्मा माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी तो पेटीतून काढला, टेबलावर पसरला, खडूसुद्धा हातात घेतला. तसा पट्टा शिवून पाठवला असता तर तुझी पाठ झाकली गेली असती आणि पोट मोकळं राहिलं असतं. दोन दिवसांचं काम होतं.

मग मी फर्मा गुंडाळून ठेवला. तसा पट्टा पाठवला असता तर मला कळलं हे तुम्हा सगळ्यांना कळलं असतं, आणि तुझी आई म्हणाली असती, बघा, हा कुठवर मापं घेतो. हे एक. पण एवढ्यासाठी कुणी थांबत नाही. खरं कारण असं की मला राग होता. मांडवात तुझ्या मागे उभं राहायला मी चालत नव्हतो, आणि आता अडचण आली तर शिंपी हवा होता. मी मनात म्हटलं, शिंपीच हवा ना, मग शिंप्यासारखाच वागतो. सांगितलं तेवढं सैल करतो. तू विचारा म्हणून लिहिलंस, तेही मला दिसलं. ते वाचून मला बरं वाटलं, कुणीतरी माझ्यापाशी अडलं आहे म्हणून. दूधतुपाची थट्टा मी मुद्दाम लिहिली. लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहिली आणि चांगली जमली असं वाटलं.

राग तुझ्या आईवर होता आणि पट्टा तुझ्या अंगावर होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, म्हणून मागत नाही.

त्र्यंबक